नाल्यापल्याडची कानबाई

आमच्या गावाच्या उगवतीला एक नाला आहे. होळीच्या सुमारास त्यात शेळीचा खूर भिजेल एवढंही पाणी नसतं. पण ज्या साहेबाने कधीकाळी नकाशावर जिल्ह्यांच्या रेघा ओढल्या, त्याला हा नाला फार आवडला असावा. अलीकडचं सगळं त्याने धुळ्याला दिलं, पलीकडचं जळगावला. अलीकडे आमचं घर, पलीकडे आमचं वावर. म्हणजे माझे आजोबा रोज सकाळी भाकरी बांधून जळगाव जिल्ह्यात राबायला जात आणि दिवेलागणीला बैल हाकत धुळे जिल्ह्यात जेवायला येत. हे त्यांना मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. सुखाने गेले बिचारे.

आम्हाला मात्र सांगण्यात आलं.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माणसं रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि खडी फोडण्याची कामं विसरायला लागली होती, तेवढ्यात सरकारने धान्याला जिल्हाबंदी घातली. एका जिल्ह्यातला दाणा परवान्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात जाता कामा नये. आमच्या नाल्यावरच्या फरशी पुलाच्या तोंडाशी जुन्या रुळाचे दोन तुकडे खांब म्हणून रोवले गेले, त्यांवर आडवा वासा, वाशाच्या बुडाला दगड, आणि शेजारी ताडपत्रीचा आडोसा. आडोशात खुर्चीवर पुरवठा खात्याचा कारकून, बाजेवर एक पोलीस. झाला नाका. देशाच्या सीमेवर तेव्हा काय बंदोबस्त होता मला ठाऊक नाही, पण आमच्या नाल्यावरून कोंबडीलाही गळ्याची पिशवी दाखवून जावं लागतं, असं गाव म्हणे.

हा किस्सा मी सांगतो तेव्हा लोक इथे हसतात, आणि मला राग येतो तो नेमका इथेच. चोर व्हायचं तर निदान दुसऱ्याचा माल लागतो. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका आणि घराचे कर्ते, स्वतःच्याच मालाचे चोर ठरले होते. पेरलं त्यांनी, पाणी भरलं त्यांनी, मळणी केली त्यांनी. पोतं खांद्यावर घेऊन घराच्या दिशेने निघाले की गुन्हा.

नानांनी परवान्याचा प्रयत्न केला नाही असं नाही. पलीकडच्या तालुक्याला गेले. साहेब म्हणाले, गहू धुळे जिल्ह्यात जाणार, तर धुळ्याची हरकत नाही असा कागद आणा. नाना एसटीने धुळ्याला गेले. तिथले साहेब म्हणाले, धान्य आमच्याकडे येतंय, आमची हरकत कशी असेल? आणि हरकतच नाही तर कागद कसला? नाना पुन्हा पलीकडे गेले. उन्हाळाभर हरकत कुणाचीच नव्हती. फक्त गहू येत नव्हता.

तो पडून होता नाल्यापलीकडे, वावरातल्या खोलीत. आमच्या माडीवरून खोलीचं दार दिसे. आणि ते दार बघून आमची अक्का, म्हणजे नानांची बायको, रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभी राही. कुठल्या मुलखातला तो गहू, त्यात खडे किती आणि गहू किती, हा वेगळाच विषय आहे. मी त्या विषयावर तासभर बोलू शकतो, पण आज बोलणार नाही.

मी तेव्हा जळगावला अर्थशास्त्र शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढून त्यावर बाणांची अशी काही फवारणी केली की तुटीच्या जिल्ह्यांची पोटं तिथल्या तिथे भरली. जास्तीच्या जिल्ह्यातून सरकार धान्य उचलणार, तुटीच्या जिल्ह्याला देणार, मधल्या व्यापाऱ्याला हात लावू देणार नाही. मी उभा राहून विचारलं, "सर, आमचं वावर जास्तीच्या जिल्ह्यात आणि घर तुटीच्या. आम्ही कशात?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "तुम्ही अपवाद."

मी खाली बसलो. पण पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे मला अपवादच भेटले. कुणाची लेक नाल्यापलीकडे दिलेली, बाळंतपणाला तिच्यासाठी माहेरची ज्वारी जात नव्हती. कुणाची चक्की अलीकडे आणि गिऱ्हाईक पलीकडे. अपवाद वगळले तर त्या नियमात कोण उरत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोंडाईच्याचे एक शेठजी होते, मारवाडी, पिढीजात धान्याचे व्यापारी. बंदीत त्यांचा पलीकडचा धंदा बसला होता, म्हणून वसुलीच्या निमित्ताने येऊन ते आमच्या ओट्यावर निवांत बसत. वर्तमानपत्रं तेव्हा त्यांच्यासारख्यांना साठेबाज, नफेखोर अशा पदव्या वाटत होती. ते सुपारी कातरत मला म्हणाले, "भैया, भाव म्हणजे काय? हाक आहे. इकडे ज्वारी संपली की इकडचा भाव ओरडतो, आणि तिकडचा माणूस गाडी जुंपतो. मी काही पुण्य करत नव्हतो, दोन पैसे सुटत म्हणून जुंपत होतो. आता सरकारने काय केलं? ओरडणाऱ्याचं तोंड नाही बांधलं. ऐकणाऱ्याचा बैल सोडून नेला."

नाना म्हणाले, "पण शेठ, तुम्ही दोन पैशांचे चार करत व्हतात."

"करत होतो ना. मग तुम्ही दुसऱ्या शेठकडे जात होता. आता कारकुनाने चार मागितले तर दुसऱ्या कारकुनाकडे जाता का?"

नानांना ते पटलं. कारण नाक्यावर हिस्सा देण्याची पद्धत एव्हाना बसली होती. मापटंभर धान्य आडोशातल्या गोणीत ओतायचं, कारकुनाने आभाळाकडे बघायचं, आणि वासा वर जायचा. छोट्या पिशवीला छोटा हिस्सा, पोत्याला मोठा. पण पोतं नेण्याची छाती नानांना होत नव्हती. पकडलं तर बैलगाडी जाईल, ही भीती.

अशात श्रावण आला आणि कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला थोडं सांगितलं पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, अंगावर नथ-दागिने, फुलांचा मांडव. सोमवारी वाजत-गाजत विसर्जन. तिच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे पुरणाची पोळी, असतो, आणि त्या रोटाचा गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घ्यायचा. माणूस मुंबईला असो नाहीतर लष्करात, त्याची मूठ पडलीच पाहिजे. मग तो गहू आणि त्याचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, काही घरांत तर लग्न झालेल्या लेकीलाही नाही. उरला तर पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा.

अक्काला दुष्काळात नातू झाला होता. आईला दूध नाही, पोर नुसतं हाडांचं. अक्काने तेव्हा कानबाईला सांगून ठेवलं होतं की हे पोर जगलं तर त्याची पहिली मूठ आपल्या वावरातल्या गव्हाची घालीन, रेशनच्या नाही. पोर जगलं. चांगलं गुटगुटीत होऊन घरभर रांगत होतं. विहिरीला पाणी आलं, गहूही पिकला. बोललेलं फेडायचं वर्ष हेच. आणि मधे वासा आडवा.

शनिवारी सकाळी अक्का, नाना आणि मी वावरात गेलो. अक्काने खोलीत बसून नावं घेत घेत मुठी मोजल्या, शेवटी नातवाची घातली, नव्या फडक्यात गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं. नानांनी नाक्याच्या हिश्शासाठी ज्वारीची वेगळी पिशवी घेतली होती. माणूस किती लवकर शहाणा होतो बघा. लाच हा शब्दसुद्धा कुणाच्या मनात नव्हता, जसा एसटीला निघताना तिकिटाचा विचार असतो तसा हिस्सा आमच्या हातात होता.

कारकून घाटावरचा होता. त्याने ज्वारीची पिशवी चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "ज्वारी रोजचीच झाली, नाना. मावशींच्या डोक्यावर गहू दिसतोय. त्यातलं मापटंभर टाका."

"त्यामधला देता येत नही, साहेब."

"का? सोन्याचा आहे?"

अक्काने गाठोडं खाली घेतलं, पण हातातून सोडलं नाही. "नावना शे. हाई मूठ मन्हा धल्लानी, हाई पोऱ्यानी, हाई ह्या शिकेल पुतण्यानी. वरली मूठ नातूनी. तुन्ही मूठ यामा कोठे शे?"

धल्ला म्हणजे म्हातारा, इथे नवरा. नाना जरा संकोचले.

बाजेवरचा पोलीस खानदेशचाच होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, कानबाईचा आहे. जाऊ द्या."

पण आता कारकुनाला मौज वाटू लागली होती. "मग घाला की माझ्याही नावाची एक मूठ."

"घालस ना," अक्का म्हणाली. "मन्ही काय ना नही. पन मंग भाऊबंद व्हनं पडी. उन्हाळामा हिरमा उतरनं पडी, गाळ काढनं पडी. बैल मरना तं अर्धा पैसा देना पडी. आनि हाऊ म्हतारा गया का डोकं भादरनं पडी."

"मी आठेच उभा शे," नाना म्हणाले.

"म्हणून तं सांगी ऱ्हायनू. याद ऱ्हाई त्याले."

विहिरीच्या गाळापासून मुंडणापर्यंत सगळं ऐकून पोलिसाने तोंडावर टोपी घेतली. कारकुनाचे कान लाल झाले. राज्यशास्त्राची मोठमोठी पुस्तकं मी पुढे वाचली. पिकात वाटा हवा तर राबण्यात वाटा घे, मरणात वाटा घे, इतकी साधी मागणी सरकारपुढे इतक्या साधेपणाने ठेवलेली मला त्यांत आढळली नाही.

"मावशी, हिस्सा सगळे देतात," कारकून म्हणाला.

"सगळा देतस ते मी बी देस. ज्वारी ले, मिरच्या ले, कोंबडी धाडस. हाई नही."

"मग परवाना दाखवा. नाहीतर गाठोडं जप्त."

माझ्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी इतका वेळ कसाबसा गप्प होता. मी पुढे झालो. "वावर आमचं आहे, घर समोर दिसतंय. आम्ही विकायला नेत नाही, खायला नेतोय. तुम्ही अडवता कोणत्या हक्काने?"

"तुम्ही शिकलेले दिसता. देशात धान्य कमी आहे, एवढं तरी कळत असेल."

"हे गाठोडं अडवल्याने वाढेल?"

"नियम गाठोडं बघत नाही हो," तो म्हणाला. आणि सांगतो, तो खोटं बोलत नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नियम खरंच गाठोडं बघत नाही. मापटं तेवढं बघतो.

त्याने हात पुढे केला. अक्का म्हणाली, "ले. जप्त करशी तं खाशी. खाशी तं तुले लागी." कारकुनाचा हात फडक्यापाशी थांबला. शहरात शिकलेला माणूस, पण परक्या देवीचा गहू, भर श्रावणात. "परत घेऊन जा," तो म्हणाला. "अलीकडे येणार नाही एवढं खरं."

अक्काने गाठोडं पुन्हा वावरातल्या खोलीत नेऊन ठेवलं. आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. नानांनी समजूत घातली, या वर्षी रेशनचा गहू मोजू, देवी समजून घेईल. अक्का चुलीपुढे बसून राहिली. नातू रांगत आला आणि तिच्या पदराला धरून उभा राहिला. तिने त्याला उचललं, त्याची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग नानांना विचारलं, "नाक्यावर काय काय बंद शे? वाचीसनी सांगा."

नाक्यावर लावलेला हुकूम माझा वाचलेला होता, मीच सांगितलं. ज्वारी, गहू, बाजरी, डाळी, पीठ.

"नारळ?"

"नारळ धान्य नाही."

"देवी?"

मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "काय बोलस? कानबाई कधी उंबरा सोडीसनी गई शे का? बापजाद्यापासून या घरात बसस ती."

"बापजाद्याच्या टाइमले नाका व्हता का?" अक्का म्हणाली. "गहू तिकडून येत नही. मंग देवी तिकडे जाई."

वाद खूप झाला. भाऊबंद जमले, एका म्हाताऱ्याने कोपाची भीती घातली. अक्का एकच बोलत होती, मी पोराचं नाव घेऊन देवीले आधीच सांगेल शे. शेवटी नाना उठले आणि चौरंग उचलायला लागले. नानांनी बायकोपुढे हार मानल्याचा हा एकच प्रसंग मी पाहिला, असं मी लिहिलं तर घरचे हसतील, म्हणून लिहीत नाही.

रविवारी सकाळी आमची कानबाई धुळे जिल्ह्यातून निघाली. पुढे डफ आणि पिपाणी, मधे चौरंग, मागे बायका डोक्यावर भांडी, जातं बैलगाडीत. नाक्यावर कारकून उभाच राहिला. त्याला आधी वाटलं यात काहीतरी डाव आहे. मुळात दाणा येत होता पलीकडून अलीकडे, आम्ही चाललो होतो उलटे, तरी त्याने वासा खाली ठेवून भांड्यांत डोकावलं, गाडीतला कडबा उपसला, आणि सगळ्यांत शेवटी, हात जोडून, देवीच्या चौरंगाखालचं फडकं वर करून बघितलं. खाली लाकूड होतं.

"कुठे नेताय?" त्याने विचारलं.

"जळगाव जिल्हामा," अक्का म्हणाली. "परवाना लागस का?"

वासा वर गेला.

वावरात बांधावरच्या निंबाखाली मांडव घातला. खोलीतलं गाठोडं आलं, जात्यावर बसलं. तीन दगडांची चूल, पुरणाचा वास, गंगाफळाची भाजी, खीर. नातवाच्या ओठाला अक्काने रोटाचा तुकडा लावला. पोराने तो थुंकला, मग पुन्हा तोंड उघडलं. अक्का तेव्हा रडली. आम्ही भाऊबंद पाट नसलेल्या पंगतीत, ढेकळांवर बसून जेवलो. मी माझ्या नावाची सव्वा मूठ खाल्ली. नाक्यावर आडोशाबाहेर कारकून आणि पोलीस आमच्याकडे बघत बसले होते. वारा त्यांच्या बाजूला होता.

सोमवारी विसर्जन नाल्यातच केलं, ऐन रेघेवर. उरलेले रोट बांबूच्या डालीत घेऊन घरी निघालो. कारकुनाने डाल उघडली. "हा गहूच ना?"

"व्हता," अक्का म्हणाली.

शिजलेल्याबद्दल हुकमात अक्षर नव्हतं. त्याने झाकण ठेवलं, आणि मग इतक्या हळू आवाजात की ते सरकारचं बोलणं नव्हतं, म्हणाला, "एक द्याल का? घरी जाऊन वर्ष झालं."

दारात आलेल्या कुणालाही रिकाम्या हाताने न पाठवणारी आमची अक्का. तिचा जीव वरखाली झालेला मला दिसला. पण रोट तो रोट. तिने मान हलवली, आणि संध्याकाळी रेशनच्या गव्हाच्या पुरणपोळ्या करून, वर तूप सोडून, मला नाक्यावर पाठवलं. तो खाली मान घालून जेवला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला त्या खुर्चीवर बसवून, दुसऱ्याच्या गाठोड्यातून जगायला लावणाऱ्यांवर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

बंदी पुढे उठली. का घातली होती ते जसं कुणी नीट सांगितलं नाही, तसं का उठली तेही सांगितलं नाही. एके दिवशी वासा नव्हता, ताडपत्री नव्हती. नाना गाडी घेऊन गेले आणि उरलेला गहू घेऊन आले. त्याला इतके सोंडे लागले होते की पोतं हातात घेतलं तर आतून पीठ गळे. तुटीच्या जिल्ह्यासाठी राखलेलं धान्य शेवटी सोंड्यांनी खाल्लं. त्यांना परवाना कुणी मागितला नव्हता.

पुढच्या श्रावणात मी उत्साहाने म्हणालो, "अक्का, आता कानबाई घरात बसव. मोकळं झालं सगळं."

अक्का म्हणाली, "वासा नेला. खांब कोठे काढात?"

मी जाऊन बघितलं. रुळाचे दोन्ही खांब जागच्या जागी होते.

त्या वर्षी देवी वावरात गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. अक्का आणि नाना दोघेही आता नाहीत, आणि आमची कानबाई अजून नाल्यापल्याडच बसते. तो नातू आता मिशीला पीळ देतो आणि चौरंग तोच उचलतो. फरशीच्या तोंडाशी आला की थांबतो. बायका भांड्यांवरची फडकी सोडतात, दाखवतात आणि पुन्हा बांधतात. दाखवतात कुणाला, तर कुणालाच नाही. गेल्या वर्षी घरात आलेल्या त्याच्या नव्या नवरीने विचारलं, इथे का थांबायचं? तो म्हणाला, "पद्धत शे आपली."

मी तिथेच, डफवाल्यांना थांबवून, तिला सगळी हकिकत सांगितली. हुकूम, मापटं, सोंडे, सगळं. हातवारे करून सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली, शेवटी गंभीर झाली. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस चिडलं. मग ती पुढे झाली आणि ताटातलं हळदकुंकू तिने दोन्ही खांबांना वाहिलं.

"अगं, हे कशाला?"

"असू द्या, काका. उद्या परत वासा घातला तर ओळख असलेली बरी."

मिरवणूक पुढे गेली. मी मागे राहून एक खांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. दरवर्षी बघतो. हलत नाही. सरकारने इतकं पक्कं रोवलेलं दुसरं काही आमच्या तालुक्यात नाही.